अटकेची नोंद : पहारा कोणावर?

अमेरिकेतील एखाद्या काउंटीच्या तुरुंगात आज पहाटे कोणाला आणून कोंडले, हे दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळू शकते. कैद्याचे नाव, वय, छायाचित्र, आरोपाचे स्वरूप, दाखल केल्याची वेळ आणि जामिनाची रक्कम ही सारी माहिती बहुतेक ठिकाणी शेरीफचे कार्यालय स्वतःच प्रसिद्ध करते. ज्याला हवी त्याने अर्जविनंत्या न करता ती पाहावी. आपल्याकडे मुलाला रात्री कोणत्या ठाण्यावर नेले हे विचारीत पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आईबापांना या कारभाराचा हेवाच वाटेल. लोकशाहीतील खुलेपणाचा नमुना म्हणून त्याचे कौतुकही होत असते. परंतु नोंद कोणाच्या हातात आहे आणि तिची धार कोणाच्या मानेवर आहे, हे तपासल्याखेरीज तिचे मोल ठरविता येत नाही.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या धर्तीचा प्रशासकीय विभाग. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. तेथील शेरीफ हा मुंबईच्या नगरपालासारखा शोभेचा मानकरी नव्हे. बहुतेक राज्यांत तो मतदारांनी निवडून दिलेला पोलीस अधिकारी असतो आणि काउंटीचा तुरुंग बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. शहराच्या पोलिसांनी धरलेला माणूसही सामान्यतः याच तुरुंगात येतो. तेथे त्याची झडती होते, बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते आणि दप्तरात नोंद होते. या नोंदीलाच तेथे ‘बुकिंग’ म्हणतात. २०२२ साली अशा स्थानिक तुरुंगांत सुमारे ७३ लाख वेळा माणसे दाखल करण्यात आली. त्या वर्षाच्या मध्यास तेथे सुमारे ६ लाख ६३ हजार माणसे कोंडलेली होती आणि त्यांपैकी शेकडा ७० जणांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

म्हणजे ही नोंद गुन्ह्याची नसून पोलिसांनी घेतलेल्या संशयाची आहे. आरोप पुढे टिकला की नाही, आरोपी निर्दोष सुटला की खटलाच काढून घेतला गेला, हे न्यायालयाच्या वेगळ्या दप्तरात लिहिलेले असते. तुरुंगाच्या दप्तरातील चेहरा सारे गाव पाहते. न्यायालयाच्या दप्तरापर्यंत जाण्याची तसदी फार थोडे घेतात.

तरीही खुल्या नोंदीमागचे मूळ तत्त्व थोर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गुप्त अटक हे हुकूमशाहीचे सर्वांत जुने हत्यार होय. माणूस ताब्यात आहे हे सरकारने कबूलच केले नाही, तर न्यायालयाचे दार ठोठवायचे तरी कोणत्या आधारावर? टेक्ससमधील वॉलर काउंटीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १० जुलै २०१५ रोजी सँड्रा ब्लँड या अठ्ठावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीची मोटार, मार्गिका बदलताना दिवा दाखविला नाही एवढ्याशा कारणावरून अडविण्यात आली. शब्दाने शब्द वाढला आणि पोलिसावर हल्ला केल्याच्या आरोपाखाली तिला काउंटीच्या तुरुंगात टाकण्यात आले. जामीन पाच हजार डॉलरांचा होता. सुटकेसाठी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे पाचशे डॉलर, भरावयाचे होते. ते उभे राहण्यापूर्वीच, तिसऱ्या दिवशी, ती कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत मृत आढळली.

त्यानंतर देशभर जो संताप उसळला त्याला आधार मिळाला तो याच नोंदींचा. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे तिने दाखल होताना सांगितले होते, हे तुरुंगाच्याच कागदांवर होते. कैद्यांवर ठरल्याप्रमाणे नजर ठेवली गेली नव्हती, असा ठपका राज्याच्या तुरुंगविषयक आयोगाने ठेवला. तिच्या छायाचित्राविषयी लोकांनी शंका घेतल्या, तेव्हा काउंटीला तुरुंगातील चित्रफिती लोकांपुढे ठेवाव्या लागल्या. २०१७ साली टेक्ससने तिच्या नावाचा कायदा केला. अटक करणाऱ्या पोलिसावरचा खोट्या साक्षीचा आरोप मात्र त्याच वर्षी काढून घेण्यात आला. न्याय अपुराच मिळाला. पण जो मिळाला तो कागद उपलब्ध होते म्हणून मिळाला. सत्तेला जाब विचारण्यासाठी वापरलेली नोंद ती ही.

आता दुसरी बाजू पाहावी. १९७२ च्या अखेरीस केंटकी राज्यातील लुइव्हिल शहराच्या व जेफरसन काउंटीच्या पोलीसप्रमुखांनी सुमारे आठशे दुकानदारांना एक पत्रक वाटले. त्यावर दुकानांतून माल लांबविणाऱ्या ‘सक्रिय’ चोरांची म्हणून नावे व छायाचित्रे होती. त्यांतील एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराला आदल्या वर्षी अटक झाली होती खरी, परंतु त्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. पत्रक निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत तो आरोपही रद्द झाला. तो दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘पॉल विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात १९७६ साली न्यायालयाने बहुमताने सांगितले की, केवळ अब्रू गेल्याने राज्यघटनेने संरक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. ज्याच्यापाशी श्रमाशिवाय दुसरे भांडवल नाही, त्याची अब्रू गेली की रोजगार जातो, भाड्याची खोली जाते, हे वास्तव त्या बहुमताच्या गणतीत आले नाही.

न्यायालयाने उघडे ठेवलेल्या या दारातून पुढे बाजार आत शिरला. काउंट्यांच्या दप्तरांतील छायाचित्रे एकगठ्ठा उचलून इंटरनेटवर मांडावयाची आणि ज्याचे छायाचित्र त्याच्याकडूनच ते काढून टाकण्यासाठी पैसे उकळावयाचे, असा धंदा उभा राहिला. निर्दोष सुटलेल्यालाही त्यातून सुटका नव्हती. २०१३ पासून जॉर्जिया, ऑरेगॉन, युटा आदी राज्यांनी या धंद्याला आळा घालणारे कायदे केले. पण कच्चा माल सरकारी दप्तरातूनच फुकट मिळत असेल, तर दुकानदाराला दटावून कितीसा उपयोग होणार?

सरकार स्वतःही या दोषातून मुक्त नाही. पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीने आपल्या तुरुंगात आलेल्यांची माहिती शोधण्याची सोय इंटरनेटवर खुली केली. १९३८ पासून तेथे ठेवल्या गेलेल्या सुमारे ६७ हजार माणसांच्या नोंदी त्यात आल्या. ज्याची नोंद न्यायालयाने कधीच पुसून टाकण्यास सांगितली होती, अशा एका माणसाला आपला चेहरा तेथे दिसला आणि त्याने दावा लावला. काउंटीने कायदा जाणूनबुजून मोडला, असे ठरवून २०१९ साली ज्यूरीने प्रत्येकी एक हजार डॉलर भरपाईचा कौल दिला. न्यायालय डाग पुसते आणि काउंटीचे दप्तर तो पुन्हा उमटविते, असा हा प्रकार होता.

हा डाग कोणाच्या कपाळी बसतो, हेही उघड आहे. ज्याच्यापाशी जामिनाचे पैसे आहेत तो काही तासांत बाहेर पडतो आणि वकिलाकरवी नोंद पुसून घेतो. ज्याच्यापाशी नाहीत तो आत राहतो, त्याची नोकरी जाते आणि नोंद मागे उरते. नोंद सर्वांचीच होते, पण ती आयुष्यभर वाहावी लागते गरिबाला.

मग हा खुलेपणा निदान तत्त्वाचा तरी आहे काय? त्याची परीक्षा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर झाली. शेकडो परदेशी माणसांना, विशेषतः मुसलमानांना, धरण्यात आले. त्या हल्ल्याच्या तपासात ताब्यात घेतलेल्या परदेशी नागरिकांची संख्या ७६२ होती, असे न्यायखात्याच्याच महानिरीक्षकांनी पुढे २००३ साली नोंदविले. त्यांतील अनेकांना न्यू जर्सीच्या हडसन व पसेइक काउंट्यांच्या तुरुंगांत ठेवले होते. तुरुंगातील कैद्यांची वही लोकांना पाहण्यास खुली असावी, असा त्या राज्याचा जुना कायदा. नागरी स्वातंत्र्याच्या कार्यकर्त्यांनी त्याच आधारे नावे मागितली आणि २००२ साली पहिल्या न्यायालयात त्यांची सरशी झाली. लगेच केंद्र सरकारने नियम काढून स्थानिक तुरुंगांना अशी नावे देण्यास मनाई केली आणि वरच्या न्यायालयाने तो नियम उचलून धरला. दुकानातील वस्तू उचलल्याचा संशय असलेल्या माणसाचे नाव सर्वांसाठी खुले. पण ज्यांच्या नावांनी सरकारलाच जाब द्यावा लागला असता ती नावे बंद!

या अनुभवातून एक साधी कसोटी हाती येते. अटकेच्या नोंदीत केवळ पकडल्या गेलेल्याचे नाव आहे, की पकडणाऱ्याचेही आहे? आणि पुढे काय झाले हे त्याच नोंदीत लिहिले जाते काय?

भारतात या कसोटीला रक्ताचा इतिहास आहे. आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलले. त्याचे वडील प्रा. ईचर वारियर दारोदार फिरले. कोठेच नोंद नव्हती. १९७७ साली त्यांनी उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला, तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात नव्हताच, असे सरकारने शपथेवर सांगितले. ते खोटे ठरले आणि अटकेच्या वेळी गृहमंत्री असलेल्या के. करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. राजनचा देह मात्र कधीच सापडला नाही.

अशाच कोठडीतील मृत्यूंच्या प्रश्नावर डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटकेच्या वेळीच साक्षीदारासमक्ष टिपण करावे, त्यावर वेळ व तारीख असावी, नातलगास कळवावे आणि बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाच्या फलकावर अटकेची माहिती लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. फौजदारी प्रक्रिया संहितेत पुढे कलम ४१ सी आले. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरील फलकावर अटक झालेल्यांची नावे व पत्ते आणि त्यांच्याच जोडीला अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे लावण्याचे बंधन त्याने घातले. या कलमाने पहारेकऱ्यावर पहारा बसविला होता.

१ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, दाखवावयाचे आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा हे शब्द मात्र या कलमातून गळले आहेत! आरोपीचे नाव दूरवर पोचविण्याची सोय वाढली आणि अधिकाऱ्याचे नाव फलकावरून उतरले. अमेरिकेच्या खुलेपणातील जे घ्यावयास नको होते, तेच नेमके येथे घेतले गेले आहे.

ज्या देशात १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची हजेरी घेतली जात असे आणि जेथे पारध्यांच्या पालांवर संशयाची पहिली धाड आजही पडते, तेथे अशी यादी निरुपद्रवी राहील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. उद्याच्या डिजिटल फलकावर त्यांचीच नावे असतील आणि ती तेथून कोणीही उचलू शकेल.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. अटकेची नोंद तत्काळ व्हावी आणि नातलगांना, वकिलाला व न्यायालयाला ती विनाअट मिळावी. तीवर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा परत यावा. आरोपीचे छायाचित्र प्रसिद्ध होऊ नये, आणि तो सुटला वा आरोप टिकला नाही तर त्याचे नाव सार्वजनिक फलकावरून उतरावे.

कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या ठाण्यात जाऊन फलक लागला आहे काय, तो आजचा आहे काय, हे पाहावे. कोणी धरले गेल्याचे कळताच अटकेच्या टिपणाची प्रत मागावी आणि त्यावर अधिकाऱ्याचे नाव व वेळ आहे ना, हे वाचून घ्यावे. नसल्यास तसे लेखी कळवून पोच घ्यावी. हे काम मोर्चाइतके डोळ्यांत भरणारे नाही. पण एका विद्यार्थ्याच्या बापाला वर्षभर दारोदार हिंडावे लागले ते असा एक कागद कोठेच नव्हता म्हणून, याचा विसर पडता कामा नये.