गाळलेले प्रश्नचिन्ह

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदा द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने 'कर्करोगाला दूर ठेवणारे दहा पदार्थ' असा लेख दिला. शुद्धलेखन चोख, वाक्ये आटोपशीर, समारोप सुभाषितवजा. गाजर, टोमॅटो, हळद, डाळिंब यांत अँटिऑक्सिडंट असतात, ती शरीरातील घातक मुक्त मूलकांचा नायनाट करतात आणि 'त्यामुळे कर्करोग होत नाही', हे लेखाचे सार. मी तो परत केला. संपादक मंडळातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे रुचले नाही. "अहो मॅडम, भाषा निर्दोष आहे, विषय समाजोपयोगी आहे. त्यातले विज्ञान बरोबर की चूक हे पाहणे मराठी विभागाचे काम नव्हे," असे ते म्हणाले. या म्हणण्याचा प्रतिवाद केल्यावाचून मला राहवत नाही. त्या लेखाची भाषाच सदोष होती आणि तो दोष पकडणे हे आमचेच काम होते, असे माझे प्रतिपादन आहे.

मुळापासून पाहू. १९८१ साली 'नेचर' या नियतकालिकात रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. आहारातील बीटा-कॅरोटीनमुळे माणसांतील कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय कमी होऊ शकेल का, असे त्याचे शीर्षकच विचारत होते. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. हिरव्या-पिवळ्या भाज्या अधिक खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते, असे अनेक पाहण्यांतून दिसत होते. ते कशामुळे, हे ठाऊक नव्हते. म्हणून याची प्रत्यक्ष चाचणी घ्या, असा लेखकांचा आग्रह होता. पुढच्या काळात लोकप्रिय आरोग्यलेखनाने या प्रश्नाचे जे केले, ते एका वाक्यात सांगता येते: प्रश्नचिन्ह गाळले आणि तेथे पूर्णविराम दिला.

हे इतके सहज का घडले? कारण कथा सुरेख होती. डेनम हार्मन यांनी १९५६ साली वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला. आपण घेतलेल्या ऑक्सिजनच्या वापरातून पेशींत काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते डीएनएला इजा करू शकतात. अशी इजा साचत गेली, तर पेशींची वाढ बेलगाम होऊ शकते. भाज्या-फळांतील काही द्रव्ये प्रयोगनळीत या रेणूंना निष्प्रभ करतात. यातली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे खरी आहे. पण कड्या खऱ्या असल्या म्हणून साखळी भार पेलेलच असे नाही. सुसंगत कथानक आणि सत्य घटना यांतला फरक ज्यांनी शिकवायचा, ते आपण साहित्याचे अध्यापक. अशा वेळी आपणच भुलावे, हे विपरीत आहे.

चाचणी झाली. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करण्यात आली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना 'ई' जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना निव्वळ दिखाऊ गोळी. पाच ते आठ वर्षे हे चालले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नव्हते, ते १८ टक्क्यांनी वाढले होते. योगायोग असेल, असे काहींना वाटले. पण अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात काम केलेले अशा १८,३१४ जणांवर दुसरी चाचणी चालू होती. त्यांना बीटा-कॅरोटीनसोबत 'अ' जीवनसत्त्व दिले जात होते. जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक आढळले होते. त्याच वर्षी २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरील सुमारे बारा वर्षांच्या चाचणीचा निष्कर्ष आला: लाभ नाही, हानीही नाही.

या साऱ्यात एक तपशील माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. फिनलंडच्या त्याच चाचणीत, आरंभी ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक होते, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. म्हणजे जुने निरीक्षण खोटे नव्हते, ते त्याच माणसांत पुन्हा दिसले. आणि तरीही तेच द्रव्य गोळीतून दिले, तेव्हा अपाय झाला. भाज्या भरपूर खाणारा माणूस आणखीही बरेच काही करतो. तो बहुधा कमी ओढतो, अधिक चालतो, त्याच्या ताटात इतर शेकडो द्रव्ये असतात. रक्तातले बीटा-कॅरोटीन ही त्याच्या जगण्याची खूण होती. खुणेलाच आपण कारण समजलो.

आता व्याकरणाकडे येतो. 'भाज्या खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो' हे एक वाक्य. 'भाज्या खाल्ल्याने कर्करोग कमी होतो' हे दुसरे. पहिल्यात सप्तमी आहे, दुसऱ्यात तृतीया. पहिले वाक्य सहवास सांगते, दुसरे कारण सांगते. या एका प्रत्ययाच्या अंतरात दोन खंडांतील सत्तेचाळीस हजारांहून अधिक माणसांवर केलेल्या चाचण्या मावल्या आहेत. जो विद्यार्थी सप्तमीची तृतीया करतो, त्याची भाषा निर्दोष आहे असे म्हणणारा अध्यापक विभक्तीप्रत्यय पाठ करून घेतो, शिकवत नाही.

तीच गत रूपकांची. मुक्त मूलके 'शत्रू', अँटिऑक्सिडंट 'सैनिक', शरीराला चढणारा 'गंज'. रूपक सोयीचे खरे, पण ते न सांगितलेले पुष्कळ काही गळी उतरवते. शत्रू म्हटले की तो संपवायचाच. वस्तुतः आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच क्रियाशील रेणू वापरतात. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी फुप्फुसात गाठी सुरू झालेल्या उंदरांना 'ई' जीवनसत्त्व दिले, तेव्हा गाठींची वाढ झपाट्याने झाली. सैनिकांनी नेमके कोणाचे रक्षण केले, हे त्या रूपकात बसत नाही. उंदरांवरून माणसाचा निष्कर्ष काढता येत नाही, हेही येथेच नोंदवते; नाहीतर मीही दुसरे सुरेख कथानक रचत बसेन.

येथे एक वेगळा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्याहून घातक वाटतो. "हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे, सगळ्या पाहण्या म्हणजे आकड्यांचा खेळ." सर्व संहिता सारख्याच संदिग्ध मानण्याची आपल्या वर्गांतली सवय या उद्गाराला विद्वत्तेचा मुलामा देते. पण १९८१ च्या त्या लेखावर सही करणारे रिचर्ड डॉल कोण होते? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह १९५० साली तंबाखूचे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पाहणीतूनच दाखवणारे तेच. तेथे कोणालाही चिठ्ठ्या टाकून सिगारेटी ओढायला लावले नव्हते. तरीही तो निष्कर्ष टिकला, कारण तेथे जोखीम दहा-वीस पटींची होती, ओढण्याच्या प्रमाणात ती वाढत होती, सोडल्यावर उतरत होती आणि देशोदेशी तेच दिसत होते. भाज्यांच्या बाबतीत फरक फार लहान आहे. युरोपातील दहा देशांच्या विशाल पाहणीतून २०१० साली जे दिसले, ते एवढेच: रोज २०० ग्रॅम भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत एकूण कर्करोगाची जोखीम साधारण तीन-चार टक्क्यांनी कमी. सर्व पाहण्या समान नसतात. कोणती किती भार पेलते हे ओळखणे, यालाच वाचन म्हणतात.

या चुकीच्या वाचनाची किंमत कोण देतो? माझी आत्या चाळीस वर्षे मिश्री लावत होती. वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या वाचून आम्ही भाचरांनी तिला अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणून दिल्या. मिश्रीचा डबा मात्र कोणी उचलला नाही. वडीलधाऱ्या बाईला कोण सांगणार! पुढे तिला तोंडाचा कर्करोग झाला आणि त्यातच ती गेली. कॅप्सूलमुळे तिला रोग झाला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले, तर ज्या वाक्याला नावे ठेवते आहे तेच मी लिहीन. पण त्या कॅप्सूलने आम्हांला काहीतरी केल्याचे समाधान दिले आणि त्या समाधानाच्या आड करण्याजोगी गोष्ट राहून गेली, एवढे मला ठाऊक आहे. आहारविषयक लेखनातही हेच होते. मद्य, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन, प्रक्रिया केलेले मांस यांविषयीचे पुरावे बळकट आहेत. पण त्यांवर लिहिले जाते कमी, कारण 'हे खा' म्हणणे गोड असते आणि 'हे सोडा' म्हणणे कडू.

गाजरे अवश्य खावीत. त्यांना बचावाची गरज नाही, आणि माझा आक्षेपही त्यांच्यावर नाही. आक्षेप आहे तो 'आढळते'च्या जागी 'होते' लिहिणाऱ्या लेखणीवर आणि तिला पूर्ण गुण देणाऱ्या आपल्यावर. त्या विद्यार्थिनीला मी लेख परत करताना एकच काम दिले: प्रत्येक वाक्यापुढे, हे कोणी, कोणात आणि कसे पाहिले, ते लिही. दहा पदार्थांपैकी किती उरतील ते उरोत. लेख लहान झाला, तरी वार्षिकांकात त्याला जागा आहे.