चौकातली सावली हाही आरोग्याचा प्रश्न

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि कोळगाव येथे सिडकोने उभारलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. कौतुक झाले ते इमारतींच्या भव्यतेचे. पण अशा इमारतींसमोरच्या मोकळ्या जागेकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहायला हवे.

तिथे सर्वाधिक वेळ थांबतो तो डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून आलेला माणूस. तलासरीहून एसटीने किंवा जीपने डहाणू रोड, तिथून गाडीने पालघर आणि स्थानकाबाहेर पुन्हा रिक्षा. वनहक्काचे अपील जिल्हास्तरीय समितीकडे असल्याने हा फेरा चुकत नाही. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते आणि साहेब बैठकीत असतात.

किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला हे फार महागात पडते. शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. गरोदर स्त्रिया आणि वृद्धांनाही धोका असतोच. स्वच्छतागृह जवळ नसेल, तर बायका दिवसभर पाणी पिणेच टाळतात.

हिरवळ डोळ्यांना सुखावते, पण सावली देत नाही. झाडाखाली हवेचे तापमान थोडेच उतरते. मात्र थेट ऊन आणि तापलेल्या फरशीची धग टळते, हा शरीराला मोठा दिलासा असतो.

न्यूयॉर्कमध्ये १९५८ साली पूर्ण झालेल्या ३८ मजली सीग्रॅम इमारतीसमोरचा चौक जगभर गाजला. पुढे विल्यम व्हाइट यांनी त्या शहरातले असे अनेक चौक बारकाईने न्याहाळले. निष्कर्ष अगदी साधा निघाला : जिथे बसायला जागा असते, तिथे माणसे बसतात.

म्हणून जिल्हा मुख्यालय असो की तालुक्याची कचेरी, आवारात वड, करंज, कडुनिंब हवेत. पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि जवळच स्वच्छतागृह हवे. हिरवळीवर खर्च होणारे पाणी आणि माळ्याचे श्रम पहिली तीन-चार वर्षे या झाडांसाठी वापरावेत. ताटकळत बसलेल्याला चक्कर आल्यावर सलाईन लावण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त आहे.