थरांच्या चिपची सुरक्षा पॅकेजिंगच्या टेबलावर ठरते
प्रति,
इंडिया सेमीकंडक्टर मिशन,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

सिलिकॉनचे पातळ केलेले थर एकावर एक रचतात आणि त्यांतून आरपार गेलेल्या तांब्याच्या सूक्ष्म खांबांनी ते जोडतात. एआयच्या जीपीयूंशेजारी बसणारी एचबीएम मेमरी अशीच घडते. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरवर कॅशचा जादा थर चढवला, तोही याच तंत्राने. वेग वाढतो, वीज वाचते. मात्र विश्वासाचा प्रश्न अवघड होतो.

या थरांचे आराखडे आणि कारखाने बहुधा वेगवेगळे असतात. त्यांतला एकही थर बिघडवलेला निघाला तर शेजारच्या थरांचा डेटा त्याच्या हाताशी येतो. असा घातपात किती बारीक असू शकतो, हे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. त्यांनी रचलेल्या चोरवाटेत ठरावीक घडामोड वारंवार झाली की छोट्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठत जातो, आणि तो पुरेसा झाला की प्रोग्रॅमला नसलेले अधिकार मिळतात. नेहमीच्या चाचण्यांत ही घडामोड त्या प्रमाणात होतच नाही, म्हणून चोरवाट सापडत नाही. साध्या चिपचा निदान पृष्ठभाग उघडून तपासता येतो. ढिगातला मधला थर ढीग मोडल्याशिवाय नीट दिसत नाही.

दुसरा धोका थरांच्या जवळिकीचा आहे. खालच्या थरातली उष्णता वरच्या थरात पोचते, त्यामुळे वरच्या तापमान-संवेदकाला खालच्या कामाचा अंदाज लागू शकतो. मेमरीतही जवळीक नडते: एकच ओळ वारंवार उघडल्याने शेजारच्या ओळीतले बिट उलटतात, हा ‘रोहॅमर’ दोष २०१४ मध्ये सविस्तर मांडला गेला. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये तो एचबीएम२ चिपमध्येही मोजला.

थर रचण्याचा एक फायदाही आहे, आणि तो नाकारणे चूक ठरेल. आराखडा दोन कारखान्यांत विभागला की कोणाही एकाच्या हाती तो पूर्ण पडत नाही. अपवाद फक्त जोडणी करणाऱ्याचा: त्याच्याकडे सगळे थर एकत्र येतात. पॅकेजिंगला कमी जोखमीचा शेवटचा टप्पा समजणे म्हणूनच धोक्याचे आहे. भारताने मंजूर केलेल्या प्रकल्पांत गुजरातमधील साणंद आणि आसाममधील जागीरोड येथील कारखाने पॅकेजिंगचे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशातील प्रगत पॅकेजिंगच्या प्रकल्पालाही मंजुरी मिळाली.

अशा प्रकल्पांच्या भांडवली खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते, तेव्हा अटी घालण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे. जोडण्यापूर्वी प्रत्येक थराची ओळख पडताळावी, थरांमधील संवेदनशील डेटा कूटबद्ध असावा, आणि प्रत्येक खेपेतील काही नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत थर सोडवून तपासावेत. या तिन्ही अटी मिशनने अनुदानाच्या करारातच लिहाव्यात.