कुलवृत्तांतात नसलेली नोंद

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. मूळ पुरुषापासूनची वंशावळ त्यात सापडते. परंतु आजी कशाने गेली, हे सहसा लिहिलेले नसते. ‘छातीत गाठ होती म्हणे’ एवढेच कुजबुजत सांगितले जाते. तरुण स्त्रीच्या दृष्टीने मात्र हीच गाळलेली नोंद सर्वांत मोलाची आहे.

स्तनकर्करोगाची जोखीम वर्तवणारे ‘गेल प्रतिमान’ १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते ३५ वर्षांपुढील स्त्रियांसाठी. मुळात गोऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या माहितीवर बेतलेले. आणि नात्यांपैकी आई, बहीण, मुलगी एवढ्यांचाच विचार करणारे. आत्या त्यात बसतच नाही! वस्तुतः १९९४-९५ मध्ये उलगडलेल्या बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांत असला, तरी तो मुलीकडे येण्याची शक्यता आईइतकीच, म्हणजे ५० टक्के असते.

म्हणून पंचविशीतल्या मुलीला गणिताआधी एक प्रश्न विचारला जायला हवा : दोन्ही घराण्यांत कोणाला, कोणत्या वयात स्तनाचा वा बीजाशयाचा कर्करोग झाला? तो विचारायला यंत्र लागत नाही. आरोग्यकेंद्रातली परिचारिकाही विचारू शकेल. उत्तर काळजीचे असेल, तर पुढे समुपदेशन आणि गरजेनुसार जनुकचाचणी.

अडते ते उत्तरापाशी. ‘मुलीचे लग्न मोडेल’ या भयाने घरेच गप्प बसतात. पण जोखीम म्हणजे रोग नव्हे, आणि कलंक तर नव्हेच. आपण जपलेली अब्रू उद्या तिच्याच जिवावर बेतू शकते, याचा विचार कोण करणार?