शिवलकरांना 'बिचारा' म्हणताना

३ मार्च २०२५ ला पद्माकर शिवलकर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडनदीच्या काठाने फिरणाऱ्या आमच्या मंडळींत तोच विषय होता. सगळे सत्तरीच्या अल्याडपल्याडचे, सगळ्यांनी तरुणपणी ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेट ऐकलेले. बोलणे सुरू झाले आणि पहिला शब्द निघाला तो 'बिचारा'. बिचाऱ्याला एकदाही इंडियाची टोपी मिळाली नाही! दुसरे म्हणाले, नशीब हो, दुसरं काय. तिसऱ्यांनी मान डोलावली आणि गाडी गुडघेदुखीवर गेली.

हा शब्द मला फार खटकतो. एखाद्याच्या पंचवीस वर्षांच्या कामाची वासलात लावायला तीन अक्षरे पुरतात याचे नवल वाटते. आणि 'नशीब' म्हटले की पुढे काही विचारच करावा लागत नाही, ही आणखी एक सोय.

शिक्षकाची खोड म्हणा, पण मला आधी आकडे मांडल्याशिवाय बोलता येत नाही. शिवलकर प्रथम श्रेणीचे १२४ सामने खेळले आणि त्यांनी ५८९ बळी घेतले, सरासरी १९.६९. म्हणजे दर वीस धावा द्यायच्या आत एक गडी. सामन्यात दहा किंवा जास्त बळी त्यांनी १३ वेळा घेतले. मुंबईने १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला, त्यातला शेवटचा, १९७२-७३ चा, अंतिम सामना मद्रासला होता. खेळपट्टी फिरकीची, कारण तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते. मुंबईचा पहिला डाव १५१, दुसरा ११३. एवढ्या धावांवर कोण जिंकणार? पण तमिळनाडू पहिल्या डावात ८० आणि दुसऱ्या डावात ६१ धावांत गुंडाळला गेला. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. पुण्याचे पेपर तेव्हा एसटीने शिरूरला यायचे. त्या दिवशीच्या पेपरातले ते आकडे आम्ही स्टँडवर उभ्याउभ्या दोनदा वाचले होते, छपाईची चूक असेल म्हणून.

असा माणूस बिचारा?

मग टोपी का मिळाली नाही? उत्तर सरळ आहे, त्याला नशिबाची गरज नाही. बिशनसिंग बेदी ३१ डिसेंबर १९६६ ला कलकत्त्याला पहिली कसोटी खेळले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि शिवलकर सव्वीस. दोघेही डावखुरे, दोघेही संथ फिरकी टाकणारे. बेदी ६७ कसोट्या खेळले, २६६ बळी घेतले आणि १९७९ पर्यंत हलले नाहीत. ते गेले तेव्हा शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे होते. जागा दिलीप दोशींना मिळाली आणि त्यांनी ३३ कसोट्यांत ११४ बळी घेऊन ती सार्थ केली. यात अन्याय कुणी कुणावर केला? वर्गात पहिला नंबर एकच असतो. दुसऱ्या नंबरच्या मुलाला ९४ टक्के मिळाले असतील तर ते ९४ टक्केच राहतात, पहिल्याला ९५ आहेत म्हणून ते कमी होत नाहीत.

हरियाणाचे राजिंदर गोयल हे त्याच रांगेत उभे होते. रणजीत ६३७ बळी, हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यांच्या बाबतीत मात्र मला निवड करणाऱ्यांचा राग आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगलोर कसोटीत शिस्तभंगाच्या कारणाने बेदींना बाहेर ठेवले होते. गोयलना बोलावून घेतले. म्हणजे रांगेतला पुढचा माणूस हटला होता आणि खिडकी उघडी होती. सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. हा निर्णय माणसांनी खोलीत बसून घेतलेला होता. त्याला 'नशीब' म्हणणे म्हणजे त्या माणसांना मोकळे सोडणे.

शिवलकरांच्या स्वतःच्या आत्मचरित्राच्या नावात 'दैवगती' हा शब्द आहे, हे मला माहीत आहे. ते उत्तम गात असत, आणि त्यांना तो शब्द वापरायचा पूर्ण अधिकार होता. ज्याने चेंडू टाकला त्याने दैवाचे नाव घ्यावे. नदीकाठी फिरताना आपण घेऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

नशिबाच्या नावावर खपवलेली सगळ्यात मोठी गोष्ट तर आपल्या पुण्यातच घडली. १९४८ चा डिसेंबर, पूना क्लबचे मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडने २३८ धावा केल्या होत्या. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले ते आऊट व्हायचे नावच घेईनात. भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावांची भागी केली. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, संघाच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमनच्या ४५२ नाबाद या जागतिक विक्रमाला गाठायला फक्त ९ धावा कमी. दोन षटकांचे काम. आणि खेळ थांबला असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला! आमच्या गोलंदाजीवर जगाचा विक्रम झाला अशी नोंद पुस्तकात नको, म्हणून संघ सामान बांधून निघाला.

आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे ही गोष्ट सांगत आणि शेवटी हमखास म्हणत, 'नव्हतं हो नशिबात.' मला तेव्हाही कळत नसे की यात नशीब कुठे आले. ठाकोरसाहेबांना नऊ धावा द्यायच्या नव्हत्या. बस्स. कारणाला नाव आहे, हुद्दा आहे, संस्थान आहे.

बरे, विक्रम गेला तर गेला. (तसाही तो दहा वर्षांनी गेलाच असता, १९५९ च्या जानेवारीत कराचीला हनीफ महंमद ४९९ पर्यंत पोचला.) खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच हंगामात वेस्ट इंडिजचा संघ भारतात पाच कसोट्या खेळत होता. मुंबईची दुसरी कसोटी निंबाळकरांच्या खेळीच्या आधी नुकतीच संपलेली आणि कलकत्त्याची तिसरी दोन आठवड्यांवर. त्या दोहोंच्या मध्ये एका माणसाने ४४३ केल्या, आणि तरीही बोलावणे आले नाही. भारताच्या फळीत हजारे, रुसी मोदी, अमरनाथ होते हे खरे, मोदींनी त्या मालिकेत ५६० धावा काढल्या हेही खरे. तरीसुद्धा पाच कसोट्यांपैकी तीन बाकी असताना एकदा तरी बघावे असे कुणाला वाटू नये? निंबाळकर पुढेही कधी अधिकृत कसोटी खेळले नाहीत. ११ डिसेंबर २०१२ ला कोल्हापूरला ते वारले तेव्हा त्र्याण्णव वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता. हा योगायोग मात्र मी दैवाच्या खात्यावर टाकायला तयार आहे. आणि ४४३ ही आजही कुठल्याही भारतीयाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी आहे.

म्हणजे बघा, शिवलकरांच्या आड त्यांच्याइतकाच मोठा कलावंत आला, गोयलांच्या आड एका सकाळचा निर्णय, निंबाळकरांच्या आड आधी एक घाबरलेला कर्णधार आणि मग निवड समिती. या सगळ्यांना एकाच गोणीत भरून तोंडाला 'नशीब' नावाची सुतळी बांधायची, हा आळस झाला.

आपण हरलो हे सरळ मान्य करायची वेळही असते. आपल्या महाराष्ट्राच्या रणजी संघाचेच घ्या. प्रा. दि. ब. देवधरांच्या वेळी १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे, त्यानंतर आजतागायत एकही नाही. १९७०-७१ ला अंतिम सामना मुंबईशी होता. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला गेलेले, मुंबईचे नेतृत्व सुधीर नाईककडे. आम्हा शिरूरकरांना वाटले, यंदा नाही तर कधीच नाही. तर त्या उरल्यासुरल्या मुंबईनेही आम्हाला हरवले. १९९२-९३ ला पंजाबने हरवले, २०१३-१४ ला कर्नाटकाने. त्या शेवटच्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा केल्या होत्या, म्हणजे माणसाने आणखी करायचे ते काय. पण या तीन पराभवांत मला ना ठाकोरसाहेब दिसतात ना निवड समिती. समोरचा संघ त्या दिवसांत सरस होता.

त्या दिवसांत, हे दोन शब्द महत्त्वाचे. १९५४ च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये पुष्काशच्या हंगेरीने पश्चिम जर्मनीला गटातल्या सामन्यात ८-३ असे धुतले होते. पंधरवड्याने अंतिम सामन्यात त्याच जर्मनीने हंगेरीला ३-२ ने हरवले. चषक जर्मनीचा, तो कुणी नाकारत नाही. पण जर्मनी श्रेष्ठ की हंगेरी, असे विचाराल तर चषक त्याचे उत्तर देत नाही. चषक फक्त त्या दुपारचे सांगतो.

हे सगळे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे ते केवळ क्रिकेटसाठी नाही. आमच्या भागात पहाटे पाचला रस्त्यावर निघा. शिरूर काय, दौंड काय, अंधारात पोरे-पोरी धावताना दिसतील. दौंडला राज्य राखीव पोलीस दल असल्याने तिकडे तर भरतीचे वेड जुनेच. धावणे, गोळाफेक, मग दिवसभर अभ्यासिकेत बसून एमपीएससी नाहीतर तलाठ्याची तयारी. यांतली कितीतरी एका गुणाने, अर्ध्या गुणाने राहतात. जागा मोजक्या आणि अर्ज ढिगाने, तर दुसरे काय होणार? पण गाव त्या मुलाला दोनच वाक्ये ऐकवते. घरातली म्हातारी म्हणते, 'नशिबात नव्हतं रे बाळा.' पारावरचा शहाणा म्हणतो, 'कष्ट कमी पडले.'

दोन्ही वाक्ये ऐकत तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा बसतो, मग त्याच्या पुढच्या वर्षी. वय निघून जाते. यादी जिथे संपली त्याच्या खालच्या ओळीत त्याचे नाव होते, वरच्या ओळीतल्या मुलापेक्षा तो अर्ध्या गुणाने कमी होता, आणि ज्याने पाच वर्षांत कायदा, इतिहास, गणित पाठ केले त्याच्याजवळ ते आहेच, हे त्याला कोण सांगते? मी वर्गात निकाल वाचताना नंबर वाचणे पुढे पुढे बंद केले होते, नुसते गुण सांगत असे. पालकांना ते आवडत नसे. त्यांना नंबर हवा असायचा. असो.

आता अमोल मुझुमदार. सचिन आणि विनोद यांनी १९८८ ला हॅरिस शिल्डमध्ये ६६४ ची भागी केली तेव्हा शारदाश्रमचा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. पाळी आलीच नाही. ही गोष्ट लोक इतक्या चवीने सांगतात की जणू त्याचे सारे आयुष्य त्या बाकावरच गेले! प्रत्यक्षात १९९४ ला पहिल्याच रणजी सामन्यात त्याने हरियाणाविरुद्ध २६० केल्या. पुढे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके. २००६-०७ ला त्याच्याच कर्णधारपदाखाली मुंबईने रणजी जिंकली. कसोटी संघाच्या मधल्या फळीत मात्र सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण वर्षानुवर्षे ठाण मांडून होते. कुणाला उठवणार होता?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदार होता. हरमनप्रीतने मैदानात वाकून त्याच्या पायांना हात लावला. मलाही गहिवरून आले, खोटे का बोला. पण लगेच सगळीकडून सूर उमटला की चला, शेवटी त्याला न्याय मिळाला, त्याचे राहिलेले फिटले. हे मला मान्य नाही. तो चषक स्मृतीचा, जेमिमाचा, दीप्तीचा, त्या सगळ्या मुलींचा. मुझुमदारने शिकवण्याचे काम चोख केले, त्याचे श्रेय त्याला आहेच. पण ११,१६७ धावांचे कुठले कर्ज शिल्लक होते, की ते दुसऱ्या कुणाच्या चषकाने फेडावे?

त्या रात्री दुसरे एक दृश्य दिसले, ते मला जास्त पटले. मुलींनी मिताली राज आणि झुलन गोस्वामी यांना बोलावून चषक त्यांच्या हातात दिला. मिताली कर्णधार असताना आपण २००५ ला अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरलो आणि २०१७ ला लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी. झुलन दोन्ही सामन्यांत होती. चषक हातात घेऊन ती रडली. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत सर्वाधिक बळी आजही तिच्याच नावावर आहेत, २५५.