घडीतलं अक्षर

बडोद्याला उतरले तेव्हा फलाटावरच्या गर्दीत मी चेहरा शोधत होते. सापडला आधी आवाज. "अगं इकडे, इकडे! पुलाकडे कुठे निघालीस?" चार वर्षं दर बुधवारी रात्री नऊला कानावर पडणारा तो आवाज मागून आला आणि मी वळले. माझ्या खांद्याशी येणारी, पांढऱ्या केसांची, सुती साडीतली एक बाई हात हलवत उभी होती. पडद्यावर ती मला नेहमी उंच वाटायची. फोनवर आम्ही एकमेकींना 'अहो' म्हणत आलो होतो. फलाटावरच्या पहिल्याच वाक्यात ते 'अहो' गळून पडलं आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. रिक्षात बसल्यावर कधीतरी आलं.

आमची ओळख टाळेबंदीतली. घरात बसून काय करायचं म्हणून मी मोडी लिपीच्या ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. वर्गात पंचवीस-तीस जण होते. वाचनाच्या सरावासाठी सरांनी जोड्या लावून दिल्या आणि माझ्या वाट्याला बडोद्याच्या या बाई आल्या. वर्ग तीन महिन्यांत संपला, आमचा बुधवार मात्र सुरूच राहिला. तिच्या घरी पणजोबांच्या कागदांचा एक रुमाल होता. रुमाल म्हणजे जुन्या दप्तरांत कागद बांधून ठेवायचं चौकोनी फडकं. त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. ती एकेका कागदाचा फोटो काढून पाठवायची, मी बोरिवलीत बसून माझ्यापरीनं वाचायची, ती तिच्यापरीनं वाचायची आणि बुधवारी दोन्ही वाचनं ताडून पाहायची.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, स्वल्पविराम-पूर्णविराम नाहीत. एक अक्षर दुसऱ्याला जोडलं की दोघांचंही रूप पालटतं. 'र' तर शेजार बदलला की ओळखूच येत नाही. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. त्यामुळे मोडी एकट्यानं वाचणं अवघड. दुसरा माणूस लागतोच, आणि तोही न कंटाळता "थांब, परत बघू" म्हणणारा. अशा चार वर्षांच्या 'परत बघू'मधून ही मैत्री झाली.

पण इतक्या वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. मुलगा म्हणाला, "आई, ओळख ना पाळख, दोन दिवस राहायला कशी जातेस?" त्याची काळजी खोटी नव्हती. सध्याच्या दिवसांत पडद्याआडचं माणूस कोण असेल सांगता येत नाही. मी त्याला तिचा पत्ता दिला, तिच्या सुनेशी त्याचं बोलणं करून दिलं आणि पोचल्यावर फोन करते म्हणून सांगितलं. एवढं प्रत्येकानं करावंच. पण त्याला हेही सांगितलं की दोनशे बुधवार जिच्याबरोबर बसले, जिच्या नवऱ्याच्या आजारपणात मी रोज फोन केला आणि माझी आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत जी रोज माझ्याशी बोलली, ती अनोळखी कशी?

शनिवारी पहाटेची गाडी धरली. बडोदा मुंबईहून जेमतेम चारशे किलोमीटर, पाच-सहा तासांचा प्रवास. वापीजवळ दमणगंगा, सुरतेला तापी आणि भरूचच्या अलीकडे नर्मदेचं ते अफाट पात्र. नवसारी आलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले, कारण तिचे पणजोबा गायकवाड सरकारात कारकून होते आणि काही वर्षं नवसारी प्रांतात नेमणुकीवर होते. बडोद्याच्या घरून धाकटा भाऊ त्यांना पत्रं लिहायचा. तीच पत्रं पुढे त्यांच्या ट्रंकेतून परत बडोद्याला आली आणि रुमालात बांधली गेली. ज्या रुळांवरून मी चालले होते त्याच मार्गावरून ती पत्रं एकेकाळी खाली गेली असणार.

तिचं घर दांडिया बाजारात, जुन्या मराठी वस्तीत. खाली दुकान, वर लाकडी जिना. दारात रांगोळी, आत झोपाळा. घरात मराठी बोलतात, पण वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' सहज येऊन बसतं. "चहा घेशील ने?" पानात गोड्या मसाल्याची आमटी, शेजारी गुजराती पद्धतीची गोडसर भाजी आणि डब्यातून काढलेला लीलो चिवडा. त्यात उपरं काहीच वाटलं नाही. सात पिढ्या इथे असलेल्या घराची ही चव आहे.

मला धक्का बसला तो तिचे हात पाहून. कॅमेऱ्यात चेहरा आणि खांदेच दिसतात. संधिवातानं तिच्या उजव्या हाताची बोटं वाकली आहेत. पेला ती दोन्ही हातांनी धरते. याच बोटांनी ती बोरूनं सुरेख मोडी लिहून मला पाठवत आली होती, आणि चार वर्षांत त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. मी "का नाही सांगितलंस?" असं विचारलं. ती म्हणाली, "सांगून तू काय केलं असतंस? सराव थांबव म्हणाली असतीस." खरं होतं, म्हणाले असते.

दुपारी तांबेकर वाड्यात गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. आत भिंती भरून रंगवलेली चित्रं आहेत. कृष्णकथा, महाभारत, लढाया. मंद उजेडात रंग अजून जिवंत वाटतात. मग मांडवी, न्यायमंदिर, सूरसागर. सेंट्रल लायब्ररीसमोर ती जरा जास्त थांबली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्या व्यवस्थेचं हे केंद्र. "आमच्याकडे वाचायला सगळ्यात आधी महाराजांनी लावलं," असं ती म्हणाली. बडोद्याची माणसं अजूनही नुसतं 'महाराज' म्हणतात आणि समोरच्याला ते कळेल असं धरून चालतात.

संध्याकाळी कमाटीबागेत संकल्पभूमीवर गेलो. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी या शहरात आले. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला शिकून आले होते. पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं आणि ते याच बागेत झाडाखाली येऊन बसले. मी सकाळी एका अनोळखी म्हणाव्या अशा घरात शिरले, चपला काढल्या आणि हात धुऊन पानावर बसले. त्या माणसाला इथे एक खोली मिळाली नाही. आम्ही तिथे बराच वेळ काही न बोलता बसलो.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं रुमाल काढला. मी त्याचे कित्येक फोटो पाहिले होते, पण त्याला वास असेल हे ध्यानातच आलं नव्हतं. जुन्या कागदाचा, वेखंडाचा आणि थोडा धुराचा वास. तिनं गाठ सोडली आणि म्हणाली, "ते शाळेचं पत्र आधी बघू."

ते पत्र आम्ही दोन वर्षांपूर्वी फोटोवरून वाचलं होतं. मिती आषाढ शुद्ध ७ शके १८२९, म्हणजे १९०७चा जुलै. धाकटा भाऊ नवसारीला थोरल्याला घरची खबर कळवतो आहे. पाऊस कसा आहे, गाय व्यायली, आईचा गुडघा. मग एक ओळ : मुलगी शाळेस जात, पुढे कागदाची उभी घडी, आणि घडीपलीकडे 'काळजी नसावी'. फोटोत घडीतली अक्षरं दिसत नव्हती. आम्ही दोघींनी, वेगवेगळ्या बसून, तिथे 'नाही' वाचलं होतं. 'मुलगी शाळेस जात नाही, काळजी नसावी.' त्या काळात पोरगी शाळेत जात नसणारच, त्यात काळजी कसली? आम्हाला ते इतकं उघड वाटलं की एकीनंही शंका घेतली नाही. ही मुलगी म्हणजे तिच्या आजोबांची थोरली बहीण.

कागद हातात घेतल्यावर कळलं की घडीवर तो तुटायला आला आहे आणि एक कड दुसऱ्या कडेवर चढली आहे. फाटेल या भीतीनं तिनं तो कधी पुरता उलगडलाच नव्हता. मी खालून प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. तिनं वाकड्या बोटाच्या नखाच्या पाठीनं वरची कड हळूच, अगदी तांदळाएवढी, बाजूला केली. सुनेनं मोबाइलचा दिवा तिरका धरला. घडीत इतकी वर्षं अंधारात राहिल्यानं असेल, तिथली शाई बाकी पत्राहून काळीभोर होती. 'आहे.' मुलगी शाळेस जात आहे.

ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती वाचायची गं." तिला ही आजी चांगली आठवते. सत्तरीत होती, संध्याकाळी दिवा लावल्यावर मांडीवर पोथी घेऊन बसायची. घरातली मुलं समजायची की आजीला सगळं पाठ आहे, पोथी आपली नावाला हातात धरते. कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

तारीख बघा. सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला, मुलांबरोबर मुलींनाही. पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होत असे. पत्र पुढच्याच वर्षाचं. 'काळजी नसावी' कशाबद्दल होती ते आता नीट कळलं. दूर नेमणुकीवर असलेल्या बापाला भाऊ कळवत होता की कायदा झाला आहे, आणि आपली मुलगी जाते आहे. इतिहासाच्या पुस्तकात हा कायदा मी अनेकदा वाचला होता. पण तो एका घरात शिरून एका मुलीचा हात धरताना मी इथे पाहिला, तिच्याच भाचेनातीच्या शेजारी बसून.

मला मनापासून वाटतं की फोटोवर विसंबून आम्ही तिच्या घरातल्या एका बाईवर अन्याय केला होता, आणि तो अन्याय दूर करायला कुणीतरी गाडीत बसून जाणं भाग होतं. पडद्यानं आमची गाठ घालून दिली, त्याचं ऋण मी मानते. पण तिची वाकलेली बोटं, रुमालाचा वास, घडीतलं 'आहे', यातलं काहीही पडद्यानं मला दाखवलं नसतं. तुमचंही असं कुणी असेल, सुरतेला, नागपूरला, बेळगावला, ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलता आणि ज्याच्या घराचा जिना तुम्ही चढलेला नाही, तर चौकशी करा, घरच्यांना पत्ता द्या आणि तिकीट काढा. आणि घरात मोडी कागदांचा रुमाल असेल तर रद्दीत घालण्याआधी तो कुणाच्या तरी शेजारी बसून उघडा.

रविवारी दुपारी ती स्टेशनवर सोडायला आली. डब्यात भाकरवडी भरून दिली. गाडी सुटताना मी खिडकीतून ओरडले, "बुधवारी नऊला!"

रुमालात एकशे बारा कागद अजून वाचायचे आहेत. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी ती बोरिवलीला येते आहे, आणि या वेळी रुमाल बरोबर आणते आहे.