रंगसूचना न वाचणारी शाळा

शाळेतल्या नाटकाचे समर्थन करताना दोन शब्द हमखास पुढे केले जातात : 'सभाधीटपणा' आणि 'व्यक्तिमत्त्वविकास'. या दोन शब्दांनी शालेय रंगभूमीचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे पैशाच्या वा जागेच्या अभावानेही केले नसेल. मूल धीट व्हावे म्हणून त्याला नाटकात उभे करायचे, हा युक्तिवाद वरवर नाटकाच्या बाजूचा वाटतो. प्रत्यक्षात तो नाटकाला बुजरेपणावरचा काढा करून टाकतो. काढा एकदा लागू पडला की बाटली फेकून देता येते, आणि दहावीचे वर्ष आले की शाळा नेमके तेच करते.

स्नेहसंमेलनातले नाटक कसे उभे राहते ते पाहावे. संहिता शिक्षकांनी निवडलेली, हालचाली शिक्षकांनी बसवलेल्या, पोशाख ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने, पडदे आणि दिवे मंडपवाल्याचे. कित्येक ठिकाणी संवादही आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. मुलांनी फक्त ओठ हलवायचे. यात मुलांचे म्हणावे असे काय उरते? पालकांच्या मोबाइलमधले चित्रण तेवढे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केले आणि मराठीत मुलांसाठीचे नाटक गांभीर्याने उभे राहू लागले. परंतु मुलांसाठी केलेले नाटक वेगळे आणि मुलांनी घडवलेले नाटक वेगळे. दुसरे काम शाळेचे होते, आणि ते शाळेने कंत्राटाने देऊन टाकले.

अभिनय तेवढा शिकवायचा, नेपथ्य आणि प्रकाश ही 'इतर कामे', ही विभागणी आपल्या परंपरेतही बसत नाही. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या रचनेला वाहिलेला आहे. भरताने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या पंगतीला आहार्य आहे : वेशभूषा, रंगभूषा आणि रंगवस्तूदेखील अभिनयच. ही चौकडी आपण पदवीच्या वर्गात पाठ करून घेतो आणि शाळेच्या रंगमंचावर विसरतो.

याची झळ साहित्याच्या वर्गालाही पोचते. पाठ्यपुस्तकात नाट्यउतारा येतो. वर्गात संवाद वाचले जातात, कंसातल्या रंगसूचना ओलांडल्या जातात आणि 'स्वभावचित्रण करा' या प्रश्नापाशी नाटक संपते. ज्या विद्यार्थ्याने कधी बाकांची मांडामांड करून दार कुठे आणि खिडकी कुठे हे ठरवलेलेच नाही, त्याला रंगसूचना हा मजकुराचा भाग वाटावा तरी कसा? पुढे हाच विद्यार्थी एम.ए.ला येतो आणि नाटकावर कादंबरीसारखी टिपणे काढतो. दोष त्याचा नाही. नाटक ही जागेत आणि काळात घडणारी गोष्ट आहे, हे त्याला कोणी करून दाखवलेलेच नसते.

यावर ठरलेले उत्तर मिळते : वर्गात साठ मुले, सभागृह नाही, निधी नाही. साठ मुलांचा प्रश्न खरा आहे. पण तोच माझ्या बाजूचा पुरावाही आहे. केवळ अभिनय शिकवायचा तर आठ मुलांना भूमिका मिळतात आणि बावन्न प्रेक्षक होतात. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, संगीत, सूचकाचे काम, तालमींची नोंदवही हेही शिकवायचे ठरवले तर प्रत्येकाच्या हाताला काम आहे. निधीचे म्हणाल, तर 1972 सालच्या 'घाशीराम कोतवाल'ने माणसांच्या रांगेचीच भिंत केली आणि तोच पडदाही केला. शाळेकडे माणसे तर आहेतच.

2024 साली एनसीईआरटीने सहावीसाठी काढलेल्या 'कृती' या कलाशिक्षणाच्या पुस्तकात नाट्यकलेला स्वतंत्र विभाग मिळाला. स्वागतच आहे. मात्र तासाला पुस्तक मिळाले म्हणजे विषयाला शिक्षक मिळाला असे होत नाही. तो तास गणिताच्या उजळणीला दिला जाईल, किंवा संमेलन जवळ आले की तालमीला. बी.एड.च्या अभ्यासक्रमात नाटक बसवण्याचे प्रत्यक्ष काम सक्तीचे होत नाही, तोवर याहून वेगळे काही घडेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

तोपर्यंत एवढे तरी करावे : येत्या संमेलनात ड्रेपरीवाल्याला आणि ध्वनिमुद्रणाला सुट्टी द्यावी. नाटक ओबडधोबड होईल, मागच्या रांगेला ऐकूही जाणार नाही कदाचित. पण ते मुलांचे असेल.